कारणाचा रकाना

माझ्या नोंदवहीत रकाने आहेत:
ताप, जुलाब, गरोदर, स्तनदा,
कुत्रा चावला, साप चावला.
टावरचा रकाना नाही.

तरी वच्छला गेडाम म्हणाली, लिहून घे बाई,
टावरानं माह्यं डोस्कं उठलं.
रातभर भुणभुणते मधमाशीवानी.
उशी बदलली, खाट बदलली,
डोस्कं काई बदलत नाई.

टावर दौलत नागोश्यांच्या संत्र्यात.
भाडं किती, यावर गावात सहा आकडे.
आधी कंपनीनं चुलतभावाचं वावर पाहिलं होतं;
तेव्हा चुलतभाऊ प्रगती म्हणायचा,
आता किरणं म्हणतो.

आंबिया बहार गळला: टावर.
चिमण्या दिसेनात: टावर.
इस्तारीच्या म्हशीनं गाभ टाकला,
तोही त्याच्याच खात्यावर.

ग्रामसभेला आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले.
नवीन पोरगा, शर्ट अजून इस्त्रीचा.
म्हणाला, ही किरणं एक्स-रेसारखी नाहीत.
टावरमुळे आजार झाल्याचं आजवर ठोस काही सापडलेलं नाही.
सापडलं नाई म्हणजे नसतेच काय?
चुलतभावानं विचारलं,
खर्रा या गालातून त्या गालात सारत.
डॉक्टर बराच वेळ त्या गालाकडेच पाहत राहिले.
मग म्हणाले, शोधणं चालू आहे.

आणखी एक म्हणाले, ते कुणी ऐकलं नसावं.
टावर दूर असला की फोनला ओरडावं लागतं,
बहिऱ्याशी बोलल्यासारखं;
जवळ असला की कुजबुज पुरते.

मला डोंगराखालचा टोला आठवला.
पंचफुलाला कळा सुटलेल्या,
मी मोहाखालच्या दगडावर उभी,
रेंजची एकच काडी, तीही येती-जाती,
कानाशी फोन तव्यासारखा.
गाडी यायला पाऊण तास,
त्यातला निम्मा नुसता हॅलो हॅलो.
तेव्हा मी कान मोजला नव्हता.

शेवटी लाईनमन उठला. साहेब,
त्या टावरले अजून लाईनच नाई भेटली.
मीटर मंजूर व्हाचं हाय.
दिवाळीपासून नुसतं लोखंड उभं हाय.

सभा हसली. इस्तारी तर खाली बसून हसला.
वच्छला हसली नाही.
डोईवरचा पदर ओढून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मशीन घेऊन तिच्या घरी.
दंडाला पट्टा बांधला. एकशे नव्वद, खाली एकशे दहा.
पुन्हा बांधला. तेवढंच.
गोळ्या सुरू झाल्या.
तिनं पाणी ठेवलं, आणि माझ्याकडे न पाहता विचारलं,
म्हंजे मी खोटं बोलत होती का वं?

नाही म्हणाले.
परतताना बागेतून आले. वारं होतं.
त्या रिकाम्या लोखंडातून
खरंच बारीक भुणभुण येत होती.
मी जरा थांबले.
लाज वाटली, कशाची ते नक्की सांगता येणार नाही.
नोंदवहीत डोकेदुखी लिहिलं, आकडे लिहिले,
कारण लिहायला जागा होती,
ती तशीच आहे.

फाल्गुनात टावर सुरू झाला.
वर लाल दिवा, रात्रभर मिचमिच.
चुलतभावाचा फोन आता घरात लागतो,
पहिला फोन त्यानं कंपनीलाच केला म्हणतात,
दुसरा टावर घालाचा असन तर सांगजा.

माझ्या सुनेला सातवा महिना.
आडवी पडून मालिका पाहते, फोन पोटावर टेकवून.
डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मला पाठ आहे,
पाच गावांत मीच ते सांगत फिरते.
तरी येता-जाता
तिचा फोन वीतभर खाली सरकवते.
ती पुन्हा वर घेते. मी काही बोलत नाही.

माझा मी रात्री गव्हाच्या कोठीवर ठेवते,
दोन भिंती पलीकडे.
मग बाराच्या सुमारास उठून
परत उशाशी आणते.
पंचफुलाच्या जावेचे दिवस भरत आलेत.